बीळ बुजविण्यापूर्वी



चातुर्मास जवळ आला की आमच्या रिसोडच्या व्यापारी घरांतून एक प्रश्न दरवर्षी ऐकू येतो. पावसाच्या पहिल्या जोरदार सरींनी शेतातली आणि नाल्याकाठची बिळे पाण्याने भरतात. उंदीर व घुशी कोरड्या जागेच्या शोधात घरांकडे व गोदामांकडे वळतात. नेमक्या त्याच दिवसांत घरातील वडीलधारी मंडळी व्रतनियमांच्या तयारीला लागलेली असतात. सकाळी गोदाम उघडावे तर सोयाबीनचे चार कट्टे खालून फोडलेले, तुरीचा सडा पडलेला. मुलगा म्हणतो, "बाबूजी, आता औषध घालू या." आई म्हणते, "या दिवसांत आपल्या उंबऱ्याच्या आत विष यायचे नाही." दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात, आणि मधल्या मध्ये गृहस्थ अडकतो.

या महिन्याचा लेख त्याच गृहस्थासाठी आहे. सुरुवात मात्र माझ्या हातून घडलेल्या एका गोष्टीने करतो.

बऱ्याच वर्षांपूर्वीची ही घटना. दुकानामागच्या आमच्या जुन्या गोदामाच्या जोत्याला घुशींनी तीन ठिकाणी पोखरले होते. बिळाच्या तोंडाशी मातीचे ढीग रोज वाढत होते. विष घालायचे नाही, हा घरचा नियम मी पाळला आणि त्याचा मला मनातून अभिमानही होता. पर्युषण दोन दिवसांवर आले असताना मी गवंडी बोलावला आणि तिन्ही बिळे खडी-सिमेंटने पक्की बुजवून घेतली. एका दुपारचे काम. दुसऱ्या दिवशी सकाळी सिमेंटच्या शेजारी माती उकरलेली दिसली. मुनीमजींनी ती दाबून टाकली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ती जागाही आम्ही बुजविली. पर्युषणाच्या चौथ्या दिवशी गोदामात दुर्गंधी पसरली. दोन फरश्या उचलल्या तेव्हा खाली गवत आणि बारदानाच्या चिंध्यांच्या घरट्यात सहा पिले मरून पडलेली होती. त्यांचे डोळेही उघडलेले नव्हते. आई बाहेर राहिली होती. दोन रात्री सिमेंटच्या कडेने उकरणारी तीच होती.

वडील तेव्हा हयात होते. त्यांनी आवाज चढविला नाही. एवढेच म्हणाले, "विष घातले नाहीस, हे खरे. पण दार लावण्यापूर्वी आत कोण आहे, ते पाहिलेस का?" त्या वर्षी संवत्सरीला सर्व जीवांची क्षमा मागताना माझा शब्द घशात अडकला. या विषयावर मी जे काही वाचले, विचारले आणि शिकलो, ते त्या दिवसानंतर.

आत कोण आहे?

आपल्या जवळच शिरपूर आहे. अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला आपण लहानपणापासून जात आलो. पार्श्वकुमार आणि कमठ तापस यांची कथा आपल्या घरातील प्रत्येक मुलाला पाठ असते. कमठ पंचाग्नीत लाकडे जाळीत बसला होता. त्याच्या मनात सर्पाला मारण्याचा हेतू नव्हता. त्या ओंडक्यात कोणी आहे, हे त्याने पाहिलेच नव्हते. पार्श्वकुमारांनी ते पाहिले आणि लाकूड फोडावयास लावले. ही कथा मी शेकडो वेळा ऐकली होती, पण ती माझ्याच जोत्याखाली घडेपर्यंत तिचा अर्थ मला लागला नव्हता. शास्त्रकार हिंसेचे मूळ प्रमादात, म्हणजे बेसावधपणात सांगतात, ते याचसाठी.

गृहस्थाला सर्व हिंसा टाळता येत नाही, हे आपल्या आचार्यांनी कधी लपविले नाही. संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे हिंसेचे चार भेद सांगून त्यांनी श्रावकाला संकल्पी हिंसेचा पूर्ण त्याग सांगितला व उरलेल्या तिन्हींत यथाशक्ती सावधपणा. स्वयंपाक, झाडलोट, दळण, व्यापार यांत जीव जातात, म्हणून ते सारे काम पाहून, निरखून करावे. मुद्दाम विष कालवून एखाद्या प्राण्यासमोर ठेवणे मात्र स्वयंपाकासारखे नाही. तेथे संकल्प स्पष्ट असतो. बाजारात आपण त्याला 'उंदरांचे औषध' म्हणतो. शब्द बदलल्याने वस्तू बदलत नाही.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात आठवतो: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. हे पाचही शब्द बैलजोडी व गुराढोरांच्या काळातले वाटतात. पण उंदराचा पिंजरा समोर ठेवून ते पुन्हा वाचावेत. रात्री आठ वाजता उंदीर पिंजऱ्यात सापडला आणि आपण दुसऱ्या दिवशी दुकान उघडून, गिऱ्हाईक आटोपून अकरा वाजता त्याच्याकडे पाहिले, तर बंध झाला आणि अन्नपाननिरोधही झाला. आपण त्याला 'अहिंसक पिंजरा' म्हणतो. पिंजरा कोणता आहे यापेक्षा त्याच्याकडे किती वेळात पाहिले जाते, यावर ते ठरते.

चिकट पाटीविषयी तर दुमत असू नये. तिच्यावर चिकटलेला जीव तासन्‌तास, कधी दिवसभर, तहानेने व भीतीने तडफडतो. सुटण्याच्या धडपडीत त्याची कातडी व पाय फाटतात. सरडा, पाल, चिमणी, खारीचे पिलूही तिच्यावर अडकते. अशा पाट्यांचा वापर प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमातील कलम ११ च्या विरुद्ध आहे, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने राज्यांना कळविले आहे. ही पाटी किराणा दुकानांत आजही मिळते, आणि खेदाने सांगावे लागते की आपल्यातील काहींच्या दुकानांतही मिळते. पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य सांगितले आहे. ज्यांचे कृषी केंद्र आहे त्यांनी आपल्या फळीवर काय ठेवावे, हा निर्णय ज्याचा त्यानेच करावयाचा आहे. मी केवळ आठवण देतो.

"मग मांजर पाळावे," असे काही जण सुचवितात. कृत, कारित आणि अनुमोदित हे तिन्ही प्रकार आपल्याला ठाऊक आहेत. शिकारीसाठी म्हणून मांजर पाळणे हे कारितात मोडते. हिंस्र प्राण्यांचे असे पोषण असतीपोषण या नावाने कर्मादानांतच गणले आहे. आवारात आपणहून येणारे मांजर, झाडावरचे गव्हाणी घुबड किंवा बांधावरची धामण यांना हाकलून देणे अथवा मारणे मात्र चुकीचे आहे. निसर्गाचा क्रम आपण लावलेला नाही, तो बिघडविण्याचाही अधिकार आपल्याला नाही.

पाहुण्यांची ओळख

उपाय करण्यापूर्वी आपल्याकडे कोण आले आहे ते ओळखावे. सगळ्यांना 'उंदीर' म्हटले की उपाय चुकतो.

घरउंदीर चढण्यात पटाईत असतो. तो तारेवरून, वेलीवरून, पत्र्याच्या पन्हळीतून वरच्या बाजूने येतो आणि माळ्यावर राहतो. लहान उंदराला पेन्सिलीच्या जाडीएवढी, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटरची फट पुरते. मोठ्याला सुमारे १२ मिलिमीटरची. या सर्वांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून काही ना काही कुरतडणे ही त्यांची गरज आहे. वायर कुरतडली तर त्यात त्यांचा आपल्यावर राग नसतो.

घूस खरी बीळ खणणारी. आपल्या काळ्या मातीत उन्हाळ्यात ज्या भेगा पडतात, त्यांतून तिला जोत्याखाली जाण्याची आयतीच वाट मिळते. बिळाबाहेर ताज्या मातीचा ढीग हे तिचे चिन्ह. बिळात धान्याचा साठा करण्याची तिला सवय असते आणि एका बिळात काही किलो धान्यही सापडू शकते. इंग्रजीत तिला ज्या नावाने ओळखतात, ते बॅन्डिकूट हे नाव तेलुगूतील 'पंदिकोक्कु', म्हणजे डुक्कर-उंदीर, या शब्दावरून गेले आहे. घूस पोखरते तेव्हा केवळ धान्य जात नाही. जोते खचते, फरशी बसते, मोरीचे पाणी पायात मुरते.

चिचुंद्री ही उंदीर नव्हे. लांब सोंडेसारखे नाक, बारीक डोळे, भिंतीच्या कडेने चीं-चीं करीत जाणारी आणि उग्र वास सोडणारी ही कीटकभक्षी आहे. झुरळे व किडे हे तिचे अन्न. धान्याला तिच्यापासून भय नाही. उंदीर समजून तिलाच अनेकदा मारले जाते.

आणि खार. आपली पाठीवर पट्टे असलेली खार झाडावर अथवा छपराच्या सांदीत कापूस, सुतळी, गवत जमवून घरटे करते. जमिनीत बीळ खणून राहत नाही. परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या मुलामुलींकडे गेलेल्या मंडळींनी तेथे तिच्यासारखाच पट्टेरी प्राणी पाहिला असेल. चिपमंक हा तो प्राणी. तो मात्र घराच्या पायरीजवळ व बागेच्या दगडी कठड्याखाली लांब भुयार करतो आणि गालांच्या पिशव्यांत बिया भरून हिवाळ्यासाठी साठवितो. तेथील लोकही त्याने त्रासलेले असतात, आणि तेथील जाणते लोकही पहिला उपाय हाच सांगतात की पक्ष्यांसाठी टांगलेले दाण्याचे भांडे घरापासून दूर न्या व पायऱ्यांच्या फटी बुजवा. रिसोड असो वा अमेरिका, बीळ नेहमी अन्नाच्या जवळ असते.

विष घरात काय करते

क्षणभर धर्म बाजूला ठेवून केवळ व्यवहार पाहू.

झिंक फॉस्फाईडची काळी भुकटी पोटात गेली की विषारी वायू तयार होतो. पिठाच्या गोळीत कालवलेली ती लहान मुलाला, गाईला, कुत्र्याला ओळखता येत नाही. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या रक्त गोठण्याची क्रिया थांबवितात. उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस अर्धमेला फिरतो, आणि त्याला खाणारे घुबड किंवा मांजरही त्या विषाचे धनी होते. गव्हाणी घुबडाचे एक कुटुंब वर्षभरात शेकडो उंदीर खाते. आपण विषाने उंदरांबरोबर त्यांचा पहारेकरीही मारतो.

सर्वांत भयंकर आहेत ॲल्युमिनिअम फॉस्फाईडच्या गोळ्या, ज्यांना लोक 'सल्फास' म्हणतात. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन वायू निघतो. या वायूवर उतारा नाही. घराला लागून असलेल्या बिळात ही गोळी टाकली तर वायू भेगांतून, फरशीखालून, मोरीतून शेजारच्या खोलीत जातो. बंद खोलीत झोपलेल्या माणसांचे प्राण अशा वायूने गेल्याच्या दुर्दैवी घटना आपल्या देशात घडल्या आहेत. प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीशिवाय या गोळ्या वापरावयाच्या नाहीत, असा सरकारी नियमच आहे. ज्या घरात माणसे राहतात, त्याच्या जोत्याच्या बिळात ही गोळी कोणीही, कोणत्याही कारणाने टाकू नये.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उंदरांकडे दुर्लक्ष करणे ही दया नव्हे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तो प्रथम मांडवीत, म्हणजे गोदामांच्या व व्यापाऱ्यांच्या वस्तीत. पुढे १८९८ मध्ये कराची येथे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिले की हा रोग उंदरांच्या अंगावरील पिसवांमार्फत माणसाला होतो. उंदीर मेला, त्याचे शरीर थंड झाले की पिसवा दुसरे ऊबदार शरीर शोधतात. म्हणून प्लेगच्या ठिकाणी आरोग्य खाते आधी पिसवांचा बंदोबस्त करते, मग उंदरांचा. घाईने उंदीर मारत सुटल्यास रोग माणसाच्या अधिक जवळ येतो.

आपल्या मराठवाड्याने हे पुन्हा पाहिले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लोकांनी भीतीने घरे सोडली, धान्य मात्र घरांतच राहिले. त्या धान्यावर उंदीर वाढले, आणि १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात उंदीर मरून पडू लागले, पिसवांचा उपद्रव झाला व प्लेगचे संशयित रुग्ण आढळले, अशी त्या घटनेची मीमांसा झाली. त्याच वर्षी सुरतेतही प्लेगचे भय पसरले. म्हणून लक्षात ठेवावे: विष न घालता एकाएकी बरेच उंदीर मरून पडले, तर त्यांना हात न लावता नगर परिषदेच्या आरोग्य विभागाला व सरकारी रुग्णालयाला तत्काळ कळवावे. अशा प्रसंगी ते जो बंदोबस्त करतील त्यात अडथळा आणू नये. एरवीही उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिससारखा आजार होऊ शकतो. लेंड्या कोरड्या झाडूने उडवू नयेत. जंतुनाशकाचे पाणी शिंपडून, हातमोजे घालून ओल्या फडक्याने पुसाव्यात.

आधी अन्न, मग फट, मग बीळ

उपायांचा हा क्रम बदलू नये. माझी चूक क्रमाचीच होती. मी शेवटचे काम आधी केले.

पहिले काम अन्न बंद करण्याचे. एक उंदीर दिवसाला सुमारे २५ ग्रॅम धान्य खातो, असे धरले तर वर्षाला नऊ किलो झाले. शंभर उंदरांचे नऊ क्विंटल. लघवी-लेंड्यांनी नासते ते त्याहून अधिक. आपल्या घरांत सूर्यास्तापूर्वी जेवण होते, ही या बाबतीत आपली मोठीच सोय आहे, कारण उंदीर रात्री निघतात. पण आपण तोंड बंद करतो आणि स्वयंपाकघर उघडे ठेवतो. खरकटी भांडी मोरीत रात्रभर पडलेली, पिठाच्या डब्यावर झाकण सैल, ओट्यावर कण सांडलेले. चौविहाराबरोबर ओटाही झाडूनपुसून बंद झाला, तर निम्मा प्रश्न तेथेच सुटतो.

पाखरांना दाणे टाकण्याची आपली प्रथा फार चांगली आहे. तिची वेळ मात्र सांभाळावी. सकाळी, दोन-तीन तासांत संपतील एवढेच दाणे, उंच ओट्यावर किंवा ताटलीत ठेवावेत आणि दिवस मावळण्यापूर्वी जागा झाडून घ्यावी. अंगणभर विखुरलेली ज्वारी दिवसा कबुतरांची असते, रात्री घुशींची. आपण एका हाताने ज्याला जेवू घालतो, त्याला दुसऱ्या हाताने मारावयास निघतो, हे बरे नाही.

दुसरे काम फटी बंद करण्याचे. दाराच्या खालच्या कडेला आतून-बाहेरून एक फूट उंचीचा पत्रा मारावा. मोरीच्या तोंडाला, खिडकीला व पत्र्याखालच्या पन्हळींना ६ मिलिमीटरची लोखंडी जाळी बसवावी. प्लॅस्टिकची जाळी ते एका रात्रीत कुरतडतात. भिंतीला टेकलेल्या फांद्या छाटाव्यात, पण छाटण्यापूर्वी त्यांवर पाखराचे किंवा खारीचे घरटे नाही ना, हे पाहावे. खारीने छपराच्या सांदीत घरटे केलेच असेल आणि आत पिले असतील, तर दोन-अडीच महिने थांबावे. पिले स्वतंत्र झाल्यावर घरटे काढून जागा जाळीने बंद करावी.

गोदामाची मांडणी हीच अर्धी राखण. थप्पी भिंतीपासून निदान दोन फूट दूर लावावी आणि जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवावी, म्हणजे थप्पीच्या चहूबाजूंनी माणसाला फिरता व पाहता येते. उंदराला उघड्या जागेचे भय असते. भिंत आणि थप्पी यांच्यातील अंधार हेच त्याचे घर. रिकामा बारदाना कोपऱ्यात महिनोन्‌महिने पडू देऊ नये. सांडलेले धान्य रोज संध्याकाळी झाडावे. वखार महामंडळाचे कोणतेही गोदाम पाहावे, त्याचे जोते जमिनीपासून उंच असते आणि भोवती मोकळी जागा राखलेली असते. आपले आजोबा धान्य कणगीत व पेवात ठेवीत आणि तोंड शेणमातीने लिंपून घेत. त्यामागेही हाच विचार होता. जुन्या गुजराती पांजरपोळांत तर किडलेल्या धान्यातील जिवांसाठी 'जीवातखाना' नावाची वेगळी खोली असे. पूर्वजांनी या प्रश्नाकडे किती बारकाईने पाहिले होते, हे त्यावरून कळते.

तिसरे काम बिळाचे, आणि ते घाईचे नाही. संध्याकाळी प्रत्येक बिळाच्या तोंडावर भुसभुशीत माती किंवा कागदाचा बोळा हलकेच ठेवावा. सकाळी तो बाजूला झालेला दिसला तर बीळ नांदते आहे. अन्न बंद झालेले असले आणि बिळाजवळ रोज थोडी वर्दळ, उजेड व झाडलोट होत राहिली, तर घूस सहसा पिलांना घेऊन दुसरीकडे जाते. पिले लहान असतील तर तीन-चार आठवडे द्यावे लागतात. सलग चार-पाच दिवस बोळा जसाच्या तसा राहिला, म्हणजे घर रिकामे झाले असे समजावे. मगच दगड-खडी व सिमेंटने बीळ भरावे आणि जोत्यालगत जमिनीत दीड-दोन फूट खोल लोखंडी जाळी पुरावी. जाळीची खालची कड बाहेरच्या बाजूला फूटभर वळवावी, म्हणजे खणणाऱ्याला वाट मिळत नाही. एकदा झालेला हा खर्च पुष्कळ वर्षे पुरतो.

रिकामे बीळ तसेच उघडे ठेवू नये. 'आयत्या बिळात नागोबा' ही म्हण आपल्याकडे उगाच झालेली नाही. आणि कोणत्याही बिळात हात घालू नये. मुलांना हे आवर्जून सांगावे.

हे सारे करूनही एखादा उंदीर घरातच राहिला, तर शेवटी पिंजरा. पहिले दोन-तीन दिवस दार न लावता त्यात खाणे ठेवावे, कारण उंदीर नव्या वस्तूपासून दूर राहतो. दार लावाल त्या रात्री आत ओला खाऊ, काकडी किंवा भिजविलेले चणे, ठेवावा. दर दोन-तीन तासांनी पाहता येणार नसेल, तर त्या रात्री पिंजरा लावूच नये. सापडलेल्याला कापडाने झाकावे, म्हणजे त्याची घाबरगुंडी कमी होते. आणि सोडणार कोठे? शेजाऱ्याच्या शेतात सोडणे म्हणजे आपली अडचण त्याच्या हरभऱ्यात टाकणे. तो शेतकरी विष घालील, आणि त्या मरणात आपलाही वाटा राहील. फार दूर अनोळखी जागी सोडलेला उंदीर निवारा नसल्याने बहुधा वाचत नाही. त्यापेक्षा घराबाहेर, जवळच्या पडीक जागेत झुडपांत सोडावे आणि तो परत येऊ नये म्हणून फट त्याच दिवशी बुजवावी. फट न बुजविता पिंजरा लावणे म्हणजे गळक्या माठात पाणी भरणे होय.

शेवटी

आमच्या गोदामाचे जोते पुढल्या उन्हाळ्यात दुरुस्त झाले. पन्नास वेळा मनात आले की एवढा खर्च कशासाठी, एका पुडीत काम झाले असते. पण दरवेळी त्या दोन उचललेल्या फरश्या डोळ्यांसमोर आल्या. आज गोदामात उंदीर अजिबात नाहीत, असे मी म्हणणार नाही. पावसाळ्यात एखादा येतोच. पण कट्टे फुटत नाहीत, आणि विषाची पुडी त्या दारातून आत गेलेली नाही.

वडील गेल्यावर गोदामाची किल्ली माझ्याकडे आली, आता ती मुलाकडे आहे. मागच्या वैशाखात मागच्या भिंतीला एक नवे बीळ दिसले. गवंडी दुसऱ्या कामासाठी आलेलाच होता, सिमेंट कालवलेले होते. मुलाने त्याला थांबविले आणि बिळाच्या तोंडावर कागदाचा बोळा ठेवला. पाच दिवस तो रोज सकाळी तेथे वाकून पाहत होता. सहाव्या दिवशी गवंडी पुन्हा बोलावला. त्याच्या दोन दिवसांच्या मजुरीचा खर्च मी खातेवहीत जीवदयेच्या खाती लिहिला.

या चातुर्मासात आपल्या घरी असे काम निघाले, तर एवढेच करावे. दार लावण्यापूर्वी आत कोण आहे, ते पाहावे.

जय जिनेंद्र.